घरात मांडण्यासाठी जुनी आणि हातघडणीची वाडगी कशी निवडावीत?

रानजाई (आर्वी तालुका)

नमस्कार. आमच्या गावातील मातीच्या भिंतींचे जुने घर उतरवून त्याच जागी नवे बांधकाम पूर्ण झाले आहे. ओसरी मुद्दाम पूर्वीसारखीच रुंद ठेवली आहे, बैठकीच्या भिंतीत एक खोल कोनाडा सोडला आहे आणि जेवणाचे टेबल या घरात प्रथमच आले आहे. या तीन जागी शोभेसाठी वाडगी किंवा तशीच पसरट भांडी मांडावीत असा विचार आहे. ती कारखान्यातून एकसारखी निघालेली नकोत. जुनी असावीत किंवा कोणाच्या तरी हाताने घडलेली असावीत.

माळ्यावरून एक तांब्याचे घंगाळ, नावे घातलेली काही काशाची वाडगी, काठापासून तडा गेलेली मोठी लाकडी काथवट आणि कागदाच्या लगद्याची एक टोपली निघाली आहे. सासूबाईंच्या मते हे सगळे मोडीत देऊन चांगली स्टीलची भांडी घ्यावीत. त्यांचे म्हणणे मला झटकून टाकता येत नाही, कारण ही भांडी घासण्याचे कष्ट आजवर त्यांनीच उपसले आहेत. दुसरीकडे ऑनलाइन दुकानांत अगदी अशाच वाडग्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून जी किंमत लावलेली दिसते, ती पाहून मोडीचा विचार थांबतो.

जाणकारांनी कृपया सांगावे की खरे जुने भांडे आणि जुने भासवलेले भांडे यांतील फरक कसा ओळखावा, नवे घ्यायचेच झाल्यास काय पाहून घ्यावे, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात या वस्तू कशा सांभाळाव्यात.

वैनगंगाकाठ (भंडारा जिल्हा)

ताई, मोडीत काहीही देऊ नका, निदान हा धागा वाचून होईपर्यंत तरी. मोडीचा व्यवहार केवळ धातूच्या वजनावर होतो आणि त्यात घडणीची किंमत शून्य धरली जाते. आमचा भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो, त्यामुळे हे गणित आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. सुंदर घडणीचे भांडे आणि तुटलेला नळ मोडीच्या काट्यावर सारख्याच भावाने जातात.

आधी धातू ओळखावा. तांबे लालसर असते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. ते पिवळे दिसते आणि ठोकले तर वाकते. कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचे मिश्रण असून पारंपरिक काशात साधारण ७८ भाग तांबे व २२ भाग कथील असते. कथिलाच्या या प्रमाणामुळे कासे थंड असताना ठिसूळ असते, म्हणून कारागीर ते तापवून तापवूनच ठोकतात. बोटांच्या टोकांवर तोलून धरलेल्या काशाच्या वाडग्याला लाकडी चमच्याने हलकेच टोला दिला तर नाद बराच वेळ टिकतो, तर पितळेचा आवाज लवकर विरतो. वाडगे काशाचे असूनही आवाज बद्द येत असेल तर कुठेतरी बारीक तडा आहे असे समजावे. नव्या खरेदीच्या वेळी खिशात एक लोहचुंबक ठेवावा. पिवळ्या मुलाम्याखाली लोखंडी पत्रा असेल तर तो लगेच चिकटतो.

आता वय. भांड्याच्या आतील गोल रेघा पाहून ते यंत्रावरचे आहे असा निष्कर्ष पुष्कळ लोक काढतात, पण जुनी ठोकीव भांडीसुद्धा शेवटी चरकावर (लेथवर) धरून साफ केली जात, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही. त्याऐवजी काठ बोटांच्या चिमटीत धरून सावकाश फिरवावा. हाताने ठोकलेल्या पत्र्याची जाडी कुठे कमी, कुठे जास्त लागते. भांडे तिरप्या उजेडात धरले की ठोक्यांच्या खुणा एकमेकींवर चढलेल्या दिसतात. यंत्राने उठवलेले खोटे ठोके सारख्या अंतरावर व सारख्या खोलीचे असतात. तुमच्या घंगाळाच्या बाजूने किंवा बुडाजवळून फिरणारी एखादी दातेरी पिवळसर रेघ दिसते का, ते पाहा. तांब्याच्या पत्र्याच्या कडांना दाते कापून, ते एकमेकांत अडकवून पितळी मिश्रणाने झाळण्याची ती जुनी रीत आहे. अशी रेघ दिसली तर घंगाळ हातचे आहे याबद्दल शंका ठेवू नका.

झीज कुठे आहे हेही पाहण्यासारखे असते. खऱ्या वापरातले भांडे बुडाच्या कडेला, कड्यांच्या खाली आणि काठाच्या बाहेरच्या अंगाला झिजते. पोटावर घातलेले नाव घासून घासून पुसट होते, तर काठाच्या आडोशाला असलेले नाव ठसठशीत राहते. भांडे सगळीकडून सारखेच काळे-हिरवे असेल, ओल्या फडक्याला हिरवी भुकटी लागत असेल आणि नाकाला रसायनाचा वास येत असेल, तर तो रंग चढवलेला आहे. ऑनलाइन दुकानात ‘अँटिक फिनिश’ असे लिहिलेले असते तेव्हा वस्तू नवी असल्याचे विक्रेत्यानेच सांगितलेले असते. त्यात फसवणूक नाही, आपण वाचत नाही एवढेच.

तुमच्या वाडग्यांवरील नावांबरोबर वर्ष असेल तर ते सन आहे की शके, हे पाहून घ्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, म्हणजे शके १८५० हे साधारण १९२८ ठरते.

जुनेजाणते

वरील माहिती उपयुक्त आहे. मात्र एक सूचना सर्वांत आधी द्यायला हवी होती ती राहिली, म्हणून लिहितो. माळ्यावरून काढलेली भांडी चिंच, लिंबू किंवा बाजारातील पावडर लावून लखलखीत करू नयेत. धातूवर वर्षानुवर्षे चढलेली काळपट झाक हा त्याच्या वयाचा पुरावा असतो, आणि आम्ल लावताच तो काही क्षणांत निघून जातो. नक्षीतील बारकावेही प्रत्येक घासणीबरोबर थोडे थोडे बोथट होतात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढावी, ओलसर सुती फडक्याने पुसावे आणि लगेच कोरडे करावे, एवढेच पुरेसे आहे.

कायद्याचेही भान ठेवावे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू पुरावशेष ठरतात. त्यांच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशातील नातेवाइकांना आजीचे वाडगे भेट म्हणून देण्यापूर्वी याचा विचार करावा. शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना काही सापडले तर प्रश्न आणखी वेगळा होतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. विदर्भात ही केवळ पुस्तकी गोष्ट नाही. नागपूरजवळच्या माहुरझरी आणि टाकळघाट-खापा येथील शिळावर्तुळांत (प्राचीन दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांत) दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची आणि त्याहूनही जुनी काळी-तांबडी मातीची वाडगी, तसेच तांब्याची भांडी सापडलेली आहेत. असे काही हाती लागले तर त्याची जागा आपला कोनाडा नव्हे.

वैनगंगाकाठ (भंडारा जिल्हा)

जुनेजाणते काका, कायद्याबद्दल दुमत नाही, पण न घासण्याचा नियम सरसकट लावणे मला पटत नाही. तो नियम संग्रहालयांचा आहे आणि तिथे तो योग्यही आहे. आपल्या घरातील पितळ मात्र घासण्यासाठीच घडले होते. दर सणाला राख आणि चिंचेने घासले गेलेले घंगाळ ज्या झिजेने आज मऊ दिसते, ती झीज त्या घासण्यातूनच आलेली आहे. मग माळ्यावर पडून गेल्या काही वर्षांत चढलेला काळपटपणा तेवढा खरा इतिहास आणि त्याआधीची चमक खोटी, असे कसे म्हणता येईल? आमच्या घरी रोजच्या नजरेसमोरचे पितळ सणासुदीला घासतात आणि कोणाचीही तक्रार नाही.

जुनेजाणते

तुमचा मुद्दा साध्या घरगुती पितळ-तांब्यापुरता मान्य करतो. तिथे मी अधिक कडक लिहिले होते. पण काही वस्तूंच्या बाबतीत मी ठाम आहे. आतून कल्हई असलेले भांडे घासले तर कथिलाचा पातळ थर जातो. बिदरी कामाचे वाडगे तर आम्लाजवळही नेऊ नये. बिदरी वस्तू बहुतांश जस्ताची असते आणि तिच्यावरचा काळा रंग बिदरच्या किल्ल्यातील जुन्या मातीच्या लेपाने आणलेला असतो. लिंबू लागले की तो उडतो आणि चांदीचे जडावकाम राखाडी पत्र्यावर पडल्यासारखे दिसते. आणि नाव, वर्ष किंवा बारीक नक्षी असलेला भाग घासायचाच असेल तर किमान आधी त्याचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा.

रानजाई (आर्वी तालुका)

दोघांचेही आभार. घंगाळाच्या बुडाशी दातेरी रेघ सापडली! काशाच्या एका वाडग्यावर शके वर्ष आहे, पण शेवटचा आकडा झिजला आहे. सासूबाईंना तो दाखवला तेव्हा त्यांनी प्रथमच ते वाडगे कोणाच्या आंदणातले आहे ते सांगितले आणि मोडीचा विषय तूर्त मागे पडला. वाडगी घासणार नाही. घंगाळ मात्र त्याच घासून देणार आहेत, कारण काळे घंगाळ ओसरीवर ठेवणे त्यांना मान्य नाही.

टेबलासाठी नवे, पण हाताने घडवलेले काही घ्यावे असे वाटते. गडचिरोलीकडच्या मंडळींनी ढोकरा आणि बांबूबद्दल लिहावे.

कठाणीपल्याड (धानोरा)

ताई, ढोकरा काम आमच्या सीमेपलीकडच्या बस्तरचे. तिथले घडवा कारागीर ते करतात, कोंडागाव त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे आणि ‘बस्तर ढोकरा’ला भौगोलिक मानांकनही आहे. प्रथम मातीचा गाभा घडवून वाळवतात, त्यावर मेणाच्या बारीक दोऱ्या गुंडाळून नक्षी उभी करतात, वरून पुन्हा मातीचे लेप देतात. भट्टीत मेण वितळून निघून जाते आणि त्या पोकळीत वितळलेले पितळ उतरते. वस्तू बाहेर काढायची म्हणजे साचा फोडावाच लागतो, त्यामुळे एका साच्यातून दुसरी वस्तू निघत नाही. मोहेंजोदडोची नर्तिका याच तंत्राने ओतलेली आहे.

यावरून ओळखण्याची रीत आपोआप समजते. दुकानात एकाच नक्षीची दोन वाडगी असतील तर ती शेजारी ठेवून पाहा. मेणाच्या दोऱ्यांचे सांधे, वळसे आणि टोके दोन्हींत तंतोतंत जुळत असतील तर तो पक्क्या साच्यातला माल आहे. अशा मालावर बहुधा दोन भाग जुळल्याची शिवणही कुठेतरी कानशीने घासलेली सापडते. खऱ्या ढोकऱ्यात दोऱ्यांची जाडी किंचित बदलते, एखादी जागा अर्धवट भरलेली असते, खाचांत भाजलेल्या मातीचे कण राहिलेले असतात. हे दोष समजून सूट मागू नये. मात्र वाडगे सपाट फरशीवर ठेवून डुगडुगते का, हे अवश्य पाहावे, कारण टेबलावर डुगडुगणारी वस्तू चार दिवसांत नकोशी होते. ढोकऱ्याला मोडीचे पितळ वापरले जाते आणि त्यात शिसे असू शकते, म्हणून ते शोभेसाठीच ठेवावे, खाण्याचे पदार्थ उघडे त्यात घालू नयेत.

बांबूचे सांगायचे तर आपल्या जंगलात मानवेल आणि कटांग मुबलक आहे, तरीही बाजारातल्या निम्म्या टोपल्यांना वर्षभरात भुंगेरा लागतो. भुंगेऱ्याला बांबूतील पिष्ट (स्टार्च) हवे असते. कोवळ्या आणि अवेळी तोडलेल्या बांबूत ते अधिक असते. तीन वर्षांपुढचा बांबू हिवाळ्यात तोडून पाण्यात मुरवला तर ते बरेच कमी होते. म्हणून बुरूड दादांना ‘कितीला?’ हे विचारण्यापूर्वी बांबू केव्हा तोडला आणि पाण्यात ठेवला होता का, हे विचारावे. जे ही काळजी घेतात ते आनंदाने सविस्तर सांगतात. टोपली उलटी करून पांढऱ्या फरशीवर आपटावी. पिठासारखी भुकटी पडली तर ती घेऊ नये. कमच्या (विणण्यासाठी चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या) सालीकडच्या असाव्यात, त्या गुळगुळीत व चिवट असतात. गाभ्याकडच्या कमच्या मऊ असून त्यांची कुसळे निघतात. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे आणि मेळघाटात लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्र आहे. तुमच्याकडून जवळ पडेल तिथे एकदा जाऊन प्रक्रिया केलेला बांबू हातात घेऊन पाहिला, तर पुढे आठवडी बाजारातही नजर फसत नाही.

वाकस (वणी)

काथवटीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. माझा व्यवसाय लाकडाचा आहे.

तडा गेलेली काथवट टाकाऊ नसते. पूर्वी अशा तड्याला पत्र्याची किंवा तांब्याची पट्टी बाहेरून ठोकून दुरुस्त करत, आणि अशी पट्टी मारलेली काथवट मला तरी अखंड काथवटीपेक्षा अधिक देखणी वाटते. तड्यात सरस आणि भुसा भरून तो लपवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत होते, पुढच्याच महिन्यात पाऊस लागतो. लाकूड या काळात आकसते आणि फुगते, त्यामुळे कडक भरणा पुन्हा निघतो किंवा शेजारी नवा तडा पाडतो. शोभेसाठी ठेवायची असेल तर तडा तसाच राहू द्यावा आणि तो वाढू नये म्हणून त्याच्या टोकाजवळ आडवी पट्टी मारून घ्यावी. बारीक छिद्रे दिसली तर ती जुनी आहेत की चालू, हे पाहण्यासाठी काथवट काळ्या कागदावर आठवडाभर ठेवावी. ताजी भुकटी पडली तर आधी कीड मारून घ्यावी, मगच ती घरातल्या सागवानाजवळ आणावी.

तेल जवसाचेच लावावे. शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल लाकडावर वाळत नाही, चिकट राहते, धूळ धरते आणि पुढे खवट वास येतो. जवसाचे तेल हवेशी संयोग होऊन घट्ट होते आणि त्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. आपल्याकडे जवस पिकतो आणि घाण्याचे तेल मिळते, तेव्हा शहरातून महागडे वुड ऑइल मागवण्याची गरज नाही. अगदी पातळ हात द्यावा, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेले पुसून टाकावे, आणि तो हात काही दिवस पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. एक धोका मात्र नीट ध्यानात घ्यावा. जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकले तर तेल वाळताना निर्माण होणारी उष्णता आतच कोंडते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. उन्हाळ्यात, जवळपास कापूस किंवा कडबा असताना, हा प्रकार हसण्यावारी नेण्याचा नाही. फडके अंगणात सुटे पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

आणि लाकडी किंवा धातूची कोणतीही वस्तू कूलरच्या झोतात ठेवू नये. त्या ओलसर हवेने लाकूड दिवसा फुगते, कूलर बंद झाला की आकसते, आणि पितळ महिन्याभरात डागाळते.

चाकावरची (भद्रावती परिसर)

मातीचा उल्लेख शिळावर्तुळांपुरताच झाला, म्हणून थोडे लिहिते. आमच्या भद्रावतीला ग्रामोदय संघामुळे कुंभारकामाची मोठी ओळख आहे. ताई, कोनाड्यासाठी मी मातीचेच वाडगे सुचवीन. खोल कोनाड्यात उजेड कमी पोहोचतो. तिथे कासे काळे ठिपक्यासारखे दिसते, पण तांबड्या मातीचा मोठा, उथळ वाडगा चुन्याच्या भिंतीपुढे उठून दिसतो.

घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारावी. चांगले भाजलेले भांडे खणखणते, कच्चे राहिलेले बद्द वाजते. साध्या मातीच्या वाडग्यात पाणी ठेवले तर ते पाझरते आणि काही दिवसांनी बाहेरून पांढरा लोणा फुटतो, त्यामुळे लाकडी फळीवर ठेवायचे असल्यास आत एखादी काचेची वाटी बसवून तिच्यातच फुले ठेवावीत. चकाकी असलेली जुनी रंगीत भांडी मिळाली तर ती निव्वळ शोभेला ठेवावीत, कारण कमी तापमानाच्या जुन्या चकाकीत शिसे असण्याची शक्यता असते आणि आंबट पदार्थ ते बाहेर काढतात. हाच आंबटपणाचा नियम तांब्या-पितळेलाही लागू आहे. तुमच्या भागात संत्री भरपूर, आणि पितळी वाडग्यात ती सुंदर दिसतात हे खरे, पण एक फळ नासून रस गळला की खाली हिरवा डाग पडतो. खाली पळसाची पत्रावळ घालावी आणि फळे रोज हाताळावीत.

मेथीदाणा

लगद्याच्या टोपलीला कोणी विचारले नाही याचे वाईट वाटले. या सगळ्यांत दुर्मीळ होत चाललेली वस्तू तीच आहे असे माझे मत आहे, कारण तिला मोडीचा भाव नाही, बाजार नाही आणि त्यामुळे ती जपण्याचे कोणाला कारणही नव्हते. रद्दी कागद भिजवून, कुटून, त्यात मेथीचे पीठ मिसळून तो लगदा पालथ्या घातलेल्या पातेल्यावर किंवा घागरीवर थापत असत. मेथीच्या चिकटपणाने लगदा बांधला जातो आणि कडवटपणाने कसर लागत नाही. टोपली पाण्यापासून दूर ठेवावी आणि रंगवू मात्र नये. आतल्या बाजूला जुन्या कागदाची अक्षरे दिसत असतील तर तीच तिची शोभा आहे. तळ मऊ झाला असेल तर त्याच मिश्रणाचा पातळ थर देऊन सावलीत वाळवावा. कापसाची सुकी बोंडे, जी तुमच्या शेतात असतीलच, तिच्यात फार शोभून दिसतील.

रानजाई (आर्वी तालुका)

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. ओसरीवर घंगाळ राहील. त्यात पाणी आणि फुले ठेवायची तर डासांमुळे पाणी रोज बदलावे लागेल, म्हणून ते फक्त सणाला भरावे असे ठरले आहे. कोनाड्यासाठी भद्रावतीकडून मातीचा वाडगा आणू. काशाची वाडगी रांगेने मांडण्याऐवजी शके वर्ष असलेले एकच बैठकीत ठेवते. बाकीची रोजच्या जेवणात येतील, आणि एक सासूबाईंनी तळपाय घासायला आधीच उचलून नेले आहे. टोपलीला बोंडे मिळाली.

राहिले टेबल. ढोकरा पुढे कधीतरी पाहू, कारण घरात काथवट असताना नवे काही घेण्याची घाई वाटत नाही. पण ती जवळजवळ दोन हात लांब आहे आणि टेबल सहा जणांचे. फार मोठी होईल का? आणि पट्टी तांब्याची मारावी की लोखंडी?

वाकस (वणी)

काथवट टेबलाच्या लांबीच्या तिसऱ्या भागापर्यंत असेल तर खटकत नाही, आणि बसलेल्या माणसांना एकमेकांचे चेहरे दिसतील इतकी ती उथळ असतेच. दोन हात म्हणजे थोडी जास्त आहे, पण जेवताना उचलून ओसरीवर नेता येत असेल तर चालून जाईल. पट्टी तांब्याचीच घ्या, कारण काही लाकडांतील द्रव्यामुळे लोखंडाभोवती काळे डाग पडतात. खिळेही तांब्याचेच हवेत, आणि आधी बारीक गिरमिटाने भोके पाडल्याशिवाय ठोकू देऊ नका. तड्याची लांबी आणि काठाची जाडी मोजून इथे लिहा, म्हणजे पट्टी किती रुंद लागेल ते सांगतो.